मागच्या दारचा पाऊस

आमच्या आत्याचा पाट नेहमी पश्चिमेकडे तोंड करून मांडलेला असायचा. अंगणात, सुकेळीच्या, म्हणजे केळी सुकवायच्या, मांडवाला लागून, आंब्याच्या सावलीत. सकाळी झाडलोट करताना मी तो चुकून फिरवून ठेवला की संपलंच. "माजं तोंड कुनीकडं करून ठेवलंस ग कुसे?" अशी हाक पार विहिरीपर्यंत ऐकू यायची. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि ती वसईजवळ निर्मळला माहेरी परत आली ती कायमची. दुपारभर त्या पाटावर बसून ती केळी सोलायची आणि मधूनच मान वर करून माडांच्या पलीकडचं, समुद्रावरचं आभाळ बघायची. सगळं गावच तसं बघायचं. आमच्याकडे 'पुढे' म्हणजे समुद्र. वारा पुढून येणार, पाऊस पुढून येणार, मासळीवाली पुढून येणार. 'मागे' म्हणजे सोपारा, रेल्वेचे रूळ, भाताची शेतं आणि सगळ्याच्या शेवटी तुंगारेश्वराचा डोंगर. त्या बाजूचं आभाळ बघायला कुणी मान वळवायचं नाही. मागून काय येतं, असं विचारलं की आत्याचं उत्तर ठरलेलं होतं, "लाकडं, कारवी नि सुना."

त्या सुनांपैकी एक माझी आई. डोंगराच्या अगदी पायथ्याच्या गावातली. अंतर म्हणाल तर सायकलवाला सकाळी निघाला की दुपारी जेवायला परत यावा एवढंच, पण आत्याने तिचं नाव 'डोंगरवाली' ठेवलं होतं आणि आई त्या नावाला ओ देत होती. ती बोलायची कमी. भाकऱ्या थापायची, विहिरीचं पाणी ओढायची, बोंबलाचं सुकं असं करायची की शेजारचे वास घेत कुंपणाशी यायचे, पण वन्सं म्हणजे माझी आत्या बोलली की आईचं तोंड बंद. मला त्याचा फार राग यायचा. मी लहानपणापासून तोंडाळ. देव खाली उतरला असता तरी माझं तोंड बंद झालं नसतं.

पावसाळ्यात आजोळी गेले की मला दुसऱ्याच मुलखात आल्यासारखं वाटायचं. निर्मळला सर यायची, वाडीतली केळीची पानं धुऊन जायची, तासाभरात पुन्हा ऊन. आजोळी चार-चार दिवस दार उघडायची सोय नव्हती. भिंतींना बोट लावलं तर ओलं, चूल पेटता पेटत नाही, परकर चुलीवरच्या काठीवर वाळवायचे आणि मग आठवडाभर अंगाला धुराचा वास. मी आईला विचारलं होतं, हे असं कसं? ती म्हणाली, "निर्मळला पाऊस म्हंजे वाटेवरचा पाव्हना. पानी पितो नि जातो. आमच्याकडं तो मुक्कामाला येतो." पुढे शाळेत भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर एक डोंगर काढला, समुद्राकडून बाण दाखवले, आणि सांगितलं की ओली हवा डोंगराला अडते, वर चढते, वर गेली की गार होते आणि मग पाणी सोडून देते. मी वर्गात हात वर करून म्हणाले, "बाई, हे माझं आजोळ आहे." सगळा वर्ग हसला. हसू देत. मला एकदम पटलं होतं.

आज मी नालासोपाऱ्याला, आचोळ्यात, चौथ्या मजल्यावर राहते. गॅलरी पूर्वेला आहे. दोन टॉवर आणि एक पाण्याची टाकी यांच्या फटीतून डोंगराचा एक तुकडा दिसतो, तेवढा मला पुरतो. माझी नात फोन बघून सांगते, "आजी, वसई-विरार, आज पाऊस नाही." मी म्हणते, "कुठल्या वसईत ग बाई? डोंगराकडच्या की दर्याकडच्या?" ती कपाळाला हात लावते. लावू दे. मी फटीत बघते आणि मगच पापड बाहेर घालते.

तर सुकेळी. ज्यांनी खाल्लेली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. राजेळी जातीची केळी, घडाच्या घड, आधी बंद खोलीत पेंढ्याखाली धुराच्या उबेवर पिकवायची. मग सोलायची, तीही अशी की अंगावरचा एक धागा राहता कामा नये, आणि कारवीच्या काठ्या विणून केलेल्या ताट्यांवर उन्हात मांडायची. दुपारी उलटायची, संध्याकाळी टोपल्यांत गोळा करून धोतराखाली झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. असं सात-आठ दिवस. हळूहळू ती आकसतात, मधासारखा रंग येतो, आणि सगळं आवार अशा वासाने भरतं की गांधीलमाश्या आणि शेजारची पोरं दोन्ही आवरत नाहीत. मग वाळलेल्या केळीच्या पानात बांधून कार्तिकात निर्मळच्या जत्रेला न्यायची. दसरा झाला की आमचं घर या एकाच कामाला लागायचं. विहिरीचा राहाट, पहाटे फुलं घेऊन जाणाऱ्या सायकलींच्या घंट्या आणि आत्याचा आवाज, यांच्यावर आमचा दिवस चालायचा. आत्याच्या हाताखाली मी सोलायला शिकले. तिची बोटं केळ्यावरून अशी फिरायची की बघत राहावं. वाडी बाबांची होती, घर बाबांचं होतं, पण सुकेळी आत्याची होती. जत्रेत लोक बाबांना नाही, आत्याला शोधत यायचे. "यशोदाबायची सुकेळी कुठं हायत?" असं विचारत आले की ती डोक्यावरचा पदर उगाचच नीट करायची.

या सगळ्यात एकच भीती, पावसाची. सुकत आलेलं केळं एकदा भिजलं की गेलं. रात्रीत काळं पडतं, आंबतं, बुरशी धरतं. ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे त्याच्या आदल्या दोन्ही वर्षी आमची सुकेळी भिजली होती. आश्विन महिना, समुद्रावर आभाळ निळंशार, वारा समोरून गार, आत्या निवांत पाटावर. आणि चहाच्या सुमाराला पाठीमागून धाडकन पाऊस. बाबा म्हणाले परतीचा पाऊस, कुणाच्या हातात असतो? आत्या म्हणाली दृष्ट लागली. मांडवाच्या चारी खांबांना तिने लिंबू-मिरच्या बांधल्या. पुढच्या वर्षी लिंबू-मिरच्यांसकट सगळं भिजलं.

त्या दसऱ्याला जेवताना बाबांनी सांगून टाकलं. भाकरीचा तुकडा हातातच ठेवून, आत्याकडे न बघता म्हणाले, "अक्का, यंदा शेवटचं. यंदा भिजली तर राजेळी काढून टाकतो. तिथं फुलं लावू." आत्या ताटात पाणी ओतून उठली. मी तिच्या मागे पडवीत गेले तर ती खांबाला धरून उभी होती. मला म्हणाली, "कुसे, सुकेळी गेली तर मी या घरात कोन ग? भावाच्या घरी दोन वेळ जेवनारी बाई." एवढंच. आत्याच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्याच क्षणी मी मनात ठरवलं की यंदा एकसुद्धा केळं भिजू द्यायचं नाही. काय वाट्टेल ते होवो.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी आईला गाठलं. म्हटलं, "दोन्ही वर्षी पाऊस कुठून आला?" ती दोर ओढत राहिली. मी पुन्हा विचारलं. मग हळूच म्हणाली, "मागनं. आमच्या डोंगरातनं." मी म्हटलं, "तुला आधी कळलं होतं?" ती म्हणाली, "वाटलं होतं." मी तडकलेच. "मग बोलली का नाहीस?" आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या घरात डोंगरवालीने यशोदाबायला पाऊस शिकवायचा? मग तिने घागर कमरेवर घेत सांगितलं. पावसाळा सरत आला की पाऊस दर्यावरनं येत नाही. दिवसभर डोंगर तापतो, इकडची ओली हवा त्याच्या अंगावर चढते, दुपारी त्याच्या डोक्यावर ढग धरतो. ज्या सकाळी डोंगर जवळ आल्यासारखा वाटतो, झाड न् झाड मोजता येतं, त्या दिवशी सांभाळायचं.

आमच्या अंगणातून डोंगर दिसत नव्हता. आंब्याची एक मोठी फांदी आड यायची, आणि त्या आंब्याच्या पानाला हात लावायची कुणाची टाप नव्हती, आत्याचा लाडका आंबा तो. म्हणून मी बावखलाच्या काठच्या चिंचेवर चढायला लागले. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं. परकर खोचून मी वर, केळीच्या शेंड्यांच्याही वर, आणि समोर सोपाऱ्याची कौलं, रुळांचे खांब, पिवळी पडत चाललेली शेतं आणि मागे तो, आडवा पसरलेला. खालून आत्या ओरडायची, "पोरगी हाय का माकड? उद्या बघायला पाव्हने आले तर झाडावर चहा न्यायचा का?" मी म्हणायचे, "न्या की, साखर जास्त घाला."

एका सकाळी डोंगर खरंच जवळ आला. दुपारी त्याच्या डोक्यावर कापसासारखा ढग फुगला, बघता बघता पोट काळं झालं. मी वरूनच बोंब ठोकली. "उचला! पाऊस येतोय!" बाबा धावले, आई धावली, आत्यासुद्धा शिव्या देत का होईना उठली. सगळ्या ताट्या घरात. आणि आम्ही बसलो वाट बघत. बसलो ते बसलोच. ढग डोंगरावरच अडून राहिला, तिकडेच करड्या पडद्यासारखा कोसळला आणि विरून गेला. इकडे ऊन. अर्ध्या सुकलेल्या केळ्यांनी बंद खोलीत घाम सोडला, टोपलीच्या तळची आंबूस झाली, ती गुरांना घालावी लागली. आत्या मला म्हणाली, "तुज्या आजोळी पडला ना? मग तिकडंच जाऊन र्‍हा." मी जेवले नाही. पण रडलेही नाही. सकाळी पुन्हा आईसमोर जाऊन उभी राहिले, "माझं काय चुकलं ते सांग. आज सांगितल्याशिवाय हलणार नाही."

आई पहिल्यांदाच हसली. म्हणाली, "ढग बघितलास, वारा नाय बघितलास. जोपर्यंत दर्याचा वारा तुज्या तोंडाला लागतोय तोपर्यंत डोंगराचा ढग डोंगरावरच. तो वारा मेला, केळीचं पान हलायचं थांबलं नि मानेला मागनं गार लागलं, की मग कुनाला विचारू नको."

दिवाळीच्या तोंडावर शेवटची मोठी खेप मांडवावर होती. जत्रेची सगळी भिस्त त्या खेपेवर. त्या दिवशी सकाळी डोंगर इतका जवळ दिसत होता की त्याच्या घळी दिसाव्यात. दुपारी ढग आला, वाढला, काळा झाला. मी चिंचेवर. खाली ऊन रणरणत होतं, समुद्रावर एक ठिपका नाही, वारा तिकडूनच येत होता. ओरडावंसं वाटत होतं. ओठ चावत मी गप्प बसले. पायाला मुंग्या आल्या, पण मी केळीच्या पानावरची नजर काढली नाही. पान डुलत होतं. डुलत होतं. मग थांबलं.

मी झाडावरून अक्षरशः घसरत उतरले, गुडघे सोलून निघाले. "आत्या, उचला!" आत्या पाटावर. हातातलं केळं खाली न ठेवता म्हणाली, "पुढं बघ. आभाळ कसं लखलखतंय. एकदा तुजं ऐकून माजी सुकेळी गुरांनी खाल्ली. आता मी उठनार नाय." मी तिच्याशी वाद घालायच्या भानगडीत पडले नाही. सरळ पहिली ताटी धरली. आत्याने माझं मनगट पकडलं. केळी सोलून सोलून तिच्या बोटांत जोर होता, सोडवता येईना. मी म्हटलं, "सोडा! तुमचीच वाचवतेय!" ती म्हणाली, "माजी हायत ना? मग माजी मी बघीन."

तेवढ्यात आई बाहेर आली. हात पिठाने भरलेले, भाकरी तव्यावर तशीच. तिने आधी आभाळाकडे बघितलंच नाही. मान जरा कलती केली, जशी कुणी मागून हाक मारल्यावर करतं. मग आत्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वन्सं, तिचा हात सोडा."

बाबा वाडीतून कोयता घेऊन येत होते, ते कुंपणाशीच उभे राहिले. आई बोलत राहिली, आवाज न चढवता. "दर्या तुमचा हाय, त्याच्यावर मी कदी बोलले का? पन डोंगर माजा हाय. मी त्याला वळखते. आज तो येनार."

आत्याने हात सोडला, पण उठली नाही. आई आणि मी ताट्या उचलायला लागलो. बाबांनी कोयता टाकला आणि दुसरं टोक धरलं. एक ताटी आत, दुसरी आत. आत्या समुद्राकडे तोंड करून तशीच, चेहऱ्यावर स्वच्छ ऊन. आणि मग मागून वारा आला. गार, मातीच्या वासाचा, एकाच झोतात. आत्याचा पदर पाठीवरून उडून तिच्या तोंडावर पडला. तिने तो चाचपडत बाजूला केला आणि त्या जागी, पाटावरच, मागे वळून बघितलं. आंब्याच्या फांदीआड सगळं काळं होतं.

"अग बघत काय बसलात, धोतरं आना!" आत्या ओरडली. आम्ही कुणीच बसलेलो नव्हतो! पण ती उठली आणि मग काय विचारता. दोन माणसांची ताटी ती एकटी कमरेवर घेत होती. पायात काटा गेला तरी थांबली नाही. टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले तेव्हा शेवटची एक ताटी तेवढी बाहेर राहिली होती. ती भिजली. बाकी सगळी घरात होती, पडवीत, ओटीवर, देवघरात, बाबांच्या अंथरुणावरसुद्धा. बाहेर धो धो पाऊस, आणि गंमत म्हणजे पश्चिमेला समुद्रावर अजून ऊन चमकत होतं.

आम्ही चौघं ताट्यांच्या मध्ये जागा मिळेल तिथे बसलो. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती, तिचा वास आणि सुकेळीचा वास. आत्या पायातला काटा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "बाळू, राजेळीला हात लावलास तर बघ." बाबा म्हणाले, "कोन लावतंय?" आणि मला हसू आवरेना, मग बाबांनाही आवरेना. आत्या नाही हसली. ती आईच्या पिठाच्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "दुसरी भाकरी टाक. भूक लागलीय सगळ्यांना." आमच्या आत्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा कुणी करू नये.

त्या वर्षी जत्रेत आमची सुकेळी दुपारपर्यंत संपली. लोक यशोदाबायला शोधत आले आणि तिने पदर नीट केला. डोंगराचा विषय घरात कुणी काढला नाही. मला ते खुपत होतं, खोटं कशाला बोलू? आईचं नाव कुणीतरी घ्यावं असं फार वाटत होतं. वर्ष तसंच गेलं.

पुढच्या दसऱ्याच्या आधी मी शाळेतून आले तर अंगणात लख्ख उजेड. आंब्याची मागची मोठी फांदी तोडून बाजूला रचलेली. मला वाटलं बाबांनी घात केला. पण बाबा लांब उभे राहून मान हलवत होते, मी नाही, मी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव घातला, मी झाडलोट केली आणि नेहमीसारखा पाट समुद्राकडे तोंड करून मांडला. आत्या आली, थांबली.

"माजं तोंड कुनीकडं करून ठेवलंस ग कुसे?"

मी म्हटलं, "पुढे. नेहमीसारखं."

तिने वाकून स्वतःच्या हाताने पाट उचलला, फिरवला आणि पूर्वेकडे तोंड करून बसली. फांदी गेल्यामुळे तिथून डोंगर सरळ दिसत होता, निळा, रेखीव, घळी दिसाव्यात इतका जवळ आलेला. आत्याने डोळ्यांवर हात धरून त्याला नीट न्याहाळलं आणि स्वयंपाकघराकडे बघून हाक दिली. मी जन्मल्यापासून तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते आईचं नाव घेऊन दिली.

"लक्षुमी, बाहेर ये ग जरा. आपला व्याही आज कपाळाला आठ्या घालून बसलाय. काय म्हनतोय ते सांग, मग मांडू."